वाकड्या पट्ट्यांचा शाप

सभागृहात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, पण चष्मे ठेवायला एक आख्खं पिंप मोकळं ठेवलेलं होतं. ते व्यासपीठाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असं मांडलं होतं. ज्याच्यावर कृपा झाली त्याने वर यायचं, चष्मा काढायचा आणि पिंपात टाकायचा, अशी तिथली शिस्त. काचेवर काच आपटली की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. जाड भिंगांचे, सोनेरी काड्यांचे, एक काडी दोऱ्याने बांधलेले, असे नाना तऱ्हेचे चष्मे आत पडत होते. घरी जाताना पायऱ्या कशा दिसणार, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात कुणालाच पडत नव्हता.

व्यासपीठावर नेत्रगुरू उभे होते. पायघोळ पांढरा झगा, मऊ आवाज, आणि समोरच्याच्या आरपार बघितल्यासारखी नजर. चौथ्या रांगेत बसलेल्या वहिनींना मात्र त्या नजरेपेक्षा त्यांचं नाक जास्त दिसत होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या ताज्या, लालसर खुणा होत्या.

"अहो," वहिनी नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "यांनी आपला चष्मा कुठल्या पिंपात टाकला असेल?"

"गप्प बस गं," मास्तर म्हणाले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीदुकानाचे कटिंग मास्तर. वहिनी म्हणजे त्यांची बायको. दुकानात काजं-बटणं आणि हाताची शिवण त्यांच्याकडे. नात्याने त्या एकट्या मास्तरांच्याच बायको असल्या, तरी गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना वहिनीच म्हणायचं.

"डोळा म्हणजे काय?" नेत्रगुरूंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "डोळा म्हणजे खिडकी! खिडकीवर काय बसते? धूळ! कुणाची धूळ? वाडवडिलांच्या पापांची! डॉक्टर काय करतो? खिडकीची काच बदलतो, बिल देतो. मी काय करतो? मी घर झाडून देतो!"

टाळ्या. वहिनींच्या मनात आलं, की घर झाडायला हा माणूस आयुष्यात कधी वाकला असेल, असं त्याच्या कमरेकडे बघून तरी वाटत नाही.

मग भिंगकाकांना वर बोलावलं. हे एक निवृत्त कारकून. खिशात कायम भिंग बाळगायचे म्हणून हे नाव पडलेलं. नेत्रगुरूंनी त्यांचा चष्मा काढून घेतला, भिंगही काढून घेतलं, आणि हातात औषधाचं एक खोकं दिलं. "वाचा." काका खोकं नाकाशी नेऊन, लांब धरून, तिरकं करून दमले. एक अक्षर लागेना. सभागृह हळहळलं. मग नेत्रगुरूंनी झग्यातून एक काळी, बशीच्या बुडाएवढी चकती काढली. तिच्या बरोबर मध्ये एक बारीक भोक होतं. त्यांनी डोळे मिटून चकतीवर फुंकर मारली आणि हात वर केला. त्या इशाऱ्यासरशी एका झगझगीत दिव्याचा झोत खोक्यावर पडला.

"भोकाला डोळा लावा. मनातला संशय काढून टाका. आता वाचा!"

काकांनी चकती डोळ्याला लावली. "थंड व... कोरड्या जागी ठेवावे," ते वाचू लागले. "लहान मुलांच्या... हाती लागू देऊ नये!"

सभागृह उभं राहिलं. बायका डोळे पुसू लागल्या. एवढ्या साध्या सूचनेवर इतकी माणसं एकदम रडल्याचं दुसरं उदाहरण नसावं.

आणि खरी पंचाईत पुढे झाली. चकत्या रांगांमधून फिरल्या, तेव्हा वहिनींनी थट्टा करायची म्हणून एक डोळ्याला लावली. गेली काही वर्षं त्या सुईच्या पाकिटावरचा आकडा हात लांब करकरून वाचत होत्या. चष्म्याचं नाव काढलं तर "मी काय म्हातारी झाले?" म्हणून फणकारत होत्या. त्यांना हातातल्या पत्रकावरचं मुंगीएवढं अक्षर लख्ख दिसलं. त्यांची थट्टा घशातच राहिली. मास्तरांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि त्यांचा विश्वास पक्का झाला. बायकोला गप्प करणारी ही पहिलीच वस्तू त्यांनी पाहिली होती.

मास्तर तिथे का आले होते, हे सांगायला हवं. त्यांच्या दुकानातल्या पट्ट्या वाकड्या व्हायला लागल्या होत्या.

कापडावर खडूची रेघ ओढायची पोलादी पट्टी असते ना, ती. एके सकाळी मास्तरांना तिच्या मध्यावर बाक दिसला. कुणीतरी पाडली असेल म्हणून त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं आणि नवी पट्टी आणली. टेबलावर ठेवून पाहिली, तर तीही वाकलेली. त्यांनी लोखंडवाल्याला शिव्या घातल्या आणि सागवानाची आणली. सागवानही वाकलं. शेवटी त्यांनी पट्टीच सोडून दिली. "तीस-पस्तीस वर्षांचा हात आहे माझा," म्हणत ते नुसत्या नजरेने रेघ ओढू लागले. म्हणजे सरळ पट्टी वाकडी दिसते म्हणून टाकली, आणि वाकडी रेघ सरळ दिसते म्हणून कापली.

मुख्याध्यापकांचा कोट असाच कापला गेला. ते अंगात घालून आरशासमोर उभे राहिले. "मास्तर, ही शिवण नागमोडी नाही का वाटत?"

"शिवण सरळ आहे सर," मास्तर ठामपणे म्हणाले. "तुम्हीच जरा तिरके उभे आहात."

मुख्याध्यापकांनी सरळ उभं राहण्याचा बराच प्रयत्न केला.

थट्टा राहू द्या. मास्तर मनातून घाबरले होते. त्यांच्या वडिलांचं म्हातारपणी असंच झालं होतं. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. शेवटी आवाजावरून पोरं ओळखायचे. तेव्हाच्या डॉक्टरांनी "वय झालं, आता काही करता येणार नाही," म्हणून परत पाठवलं होतं. तेच वाक्य आपल्याला ऐकावं लागेल या भीतीने मास्तर दवाखान्याची पायरी चढत नव्हते. त्यात कुणीतरी सांगितलं होतं, की हल्ली डॉक्टर डोळ्यात सुई टोचतात. जन्मभर सुयांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला त्या विचारानेच घाम फुटायचा.

त्या दिवशी सभा संपल्यावर नेत्रगुरूंनी त्यांना बाजूला घेऊन, पट्टीची तक्रार ऐकून विचारलं, "वडिलांनाही असंच झालं होतं?"

"हो."

"आजोबांनाही?"

"ऐकलंय तसं."

"शाप!" नेत्रगुरूंना मनापासून आनंद झाला. "घराण्याचा शाप आहे. डॉक्टरकडे गेलात तर उसळेल. रोज सकाळी चकतीतून सूर्याच्या दिशेला बघा, दर आठवड्याला चकती शुद्ध करायला इथे घेऊन या." चकती फुकट होती. शुद्धीच्या वेळी दाराशी ठेवलेल्या पेटीकडे मात्र दोन जाडजूड स्वयंसेवक फार अर्थपूर्ण बघायचे.

सूर्याचं ऐकल्यावर वहिनींनी निक्षून सांगितलं, की तेवढं काही होणार नाही. बाकीचं सुरू झालं. कातरकामाच्या टेबलाशी एका हातात चकती, दुसऱ्या हातात कात्री आणि ओठात सिगारेट, असे मास्तर उभे राहायचे.

"सुधारतंय का?" वहिनी विचारायच्या.

"सुधारतंय ना," मास्तर दुसरीकडे बघत म्हणायचे.

वहिनींना स्वतःला अक्षर दिसत होतं, तेव्हा चकतीत काहीतरी आहे हे त्यांना नाकारता येईना. आणि बाही कापताना नवरा खोटं बोलतोय, हेही नाकारता येईना, कारण एक बाही दुसरीशी जुळतच नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याने त्यांचं डोकं भणभणून गेलं.

उलगडा झाला तो एका रद्दी बटणामुळे. कोटाची काळी, दोन भोकांची बटणं आली होती. त्यातल्या काहींचं एक भोक साच्यातच बुजलेलं. वहिनी एकेक बटण उजेडाकडे धरून, डोळ्याशी नेऊन तपासत होत्या. दुसऱ्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. बटण डोळ्याशी असतानाच त्यांची नजर रिळाकडे गेली, आणि रिळाच्या बुडावरचा बारीक आकडा ठळक दिसला. बटण बाजूला केलं, आकडा पुसट. पुन्हा लावलं, आकडा ठळक. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. बटणावर कुणी फुंकर मारली नव्हती. बटण बनवणाऱ्याचे वाडवडील कोण, हेही ठाऊक नव्हतं.

"अहो, इकडे या!"

मास्तरांनी बटणातून आकडा वाचला. क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "चकती याच टेबलावर असते. तिचा गुण लागला असेल बटणाला."

"आणि मग तुमच्या पट्टीला का नाही लागला? तीही याच टेबलावर असते!"

मास्तर चिडले. वहिनींनी पट्टी उचलली आणि सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. सरळ. दुसरा मिटून पाहिलं. सरळ. मग त्यांच्या मनात काहीतरी चमकलं.

"तुम्ही बघा बरं असं. एकेक डोळा मिटून."

"मी कटिंग मास्तर आहे," मास्तर ताठ होत म्हणाले. "डोळा मिटून काम करणं ते सुईवाल्यांचं. मी जन्मात कधी सुई ओवली नाही आणि ओवणार नाही."

हा त्या धंद्यातला मान होता. कापणारा शिवत नाही आणि शिवणारा कापत नाही. त्यामुळे वहिनी दिवसातून कितीतरी वेळा एक डोळा मिटायच्या आणि मास्तरांनी कामाच्या टेबलाशी तो कधी मिटलाच नव्हता. वहिनींनी वाद घातला नाही. त्या मुकाट्याने काळी बटणं काढून बसल्या आणि एकेकाचं एक भोक दोऱ्याने गच्च भरू लागल्या.

पुढच्या शुद्धीला सभागृह पुन्हा तुडुंब होतं. नेत्रगुरूंनी आज मास्तरांनाच पुढे काढलं. "हे पाहा! पट्टी वाकडी दिसायची यांना. वाडवडिलांचा शाप! सांगा मास्तर, आता पट्टी कशी दिसते?"

मास्तर माईकसमोर उभे राहिले. समोर अर्धा बाजार बसलेला. "सरळ," ते पुटपुटले.

"अजिबात नाही!" चौथ्या रांगेतून आवाज आला, आणि वहिनी पिशवी घेऊन तरातरा वर चढल्या.

"ताई, श्रद्धा..." नेत्रगुरूंनी हात वर केला.

"श्रद्धा राहू द्या तुमच्यापाशी. मी बटणं आणलीयत." त्यांनी पिशवीतली बटणं पहिल्या रांगेत वाटून टाकली. "ज्यांना पत्रक वाचता येत नाही त्यांनी बटणाचं भोक डोळ्याला लावा आणि वाचा. भिंगकाका, तुम्ही सुरू करा."

भिंगकाकांनी बटण लावलं. "थंड व कोरड्या..." त्यांनी सवयीने सुरुवात केली, मग पत्रकाकडे बघून थांबले. "अरेच्चा! 'पेटीत यथाशक्ती टाकावे.' हे इतकं बारीक लिहिलं होतं होय?"

रांगेत गलका उडाला. ज्याच्या त्याच्या डोळ्याला बटण.

नेत्रगुरू हसले. "माझ्या सान्निध्यात निर्जीव वस्तूही जाग्या होतात!"

"मग त्या नाकावरच्या खुणा कसल्या?" वहिनींनी विचारलं. "तुमच्या सान्निध्यात तुमचा चष्मा नाही का जागा झाला?"

मागच्या बाजूला कुणीतरी जोरात हसलं. नेत्रगुरूंचा हात नकळत नाकाकडे गेला. वहिनींनी तोवर पोलादी पट्टी काढून मास्तरांसमोर आडवी धरली. त्यांचा आवाज उतरला. "अहो, आता माझं ऐका. उजवा डोळा झाका. पट्टी कशी आहे?"

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं, मग तळहाताने डोळा झाकला. "सरळ आहे."

"डावा झाका."

मास्तर बराच वेळ बघत राहिले. "वाकडी आहे," ते म्हणाले. माईक चालूच होता. "मध्ये बाक आहे. आणि... मध्ये काहीतरी काळपट आहे."

"चकती लावून बघा."

त्यांनी उजव्या डोळ्याला चकती लावली. "तशीच आहे. पहिल्यापासून तशीच आहे, अगं. मी खोटं बोलत होतो."

"पट्टी माझ्या हातात एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "एका डोळ्याला सरळ आणि दुसऱ्याला वाकडी. मग वाकडं काय आहे?"

"बायको अश्रद्ध, म्हणून शाप उसळला!" नेत्रगुरू ओरडले, पण वहिनींनी तोवर नवऱ्याचा दंड धरला होता. त्या त्याला घेऊन थेट नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, बोलायला फटकळ होत्या. वहिनींनी सगळी हकीकत सांगून पुढे केलेलं बटण त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि त्या हसल्या. "यात जादू नाही. चष्मा लागणाऱ्या डोळ्यात उजेड नीट एका जागी जुळत नाही, पसरतो, म्हणून अक्षर फिस्कटतं. बारीक भोकातून मोजकाच, सरळ येणारा उजेड आत जातो, तो पसरत नाही. म्हणून अक्षर स्पष्ट. त्यात उजेड कमी मिळतो, म्हणून तुमच्या गुरूला तो झगझगीत दिवा लागतो. मीसुद्धा असंच भोक वापरते. भोकातून स्पष्ट दिसलं की मी समजते, या माणसाला नुसता चष्मा लागेल. भोकातूनही दिसलं नाही, तर आतला पडदा तपासावा लागतो. बाई, तुम्हाला चष्मा लागलाय."

"बरं," वहिनी पडेल आवाजात म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर बसवलं, बराच वेळ आत पाहिलं. "वडिलांनाही असंच झालं होतं?"

मास्तर दचकले. "हेच त्यांनीही विचारलं होतं."

"प्रश्न बरोबर होता त्याचा. उत्तराचं त्याने भांडवल केलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक छोटा भाग असतो. वाचणं, चेहरे ओळखणं, रेघ पाहणं, सगळं त्याच्यावर. वय वाढलं की काहींचा तो भाग खराब होतो. घरात कुणाला झालं असेल तर धोका वाढतो. रक्तदाब वाढलेला असेल, वजन वाढलेलं असेल, जेवणात हिरवा भाजीपाला नसेल, तरी वाढतो. आणि सगळ्यात जास्त भर घालते ती तुमच्या खिशातली वस्तू."

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. आत सिगारेटचं पाकीट होतं.

"वय आणि वडील बदलता येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "ते पाकीट मात्र आत्ता कचऱ्याच्या डब्यात टाकता येतं. डबा तुमच्या पायाशीच आहे."

"आणि आता डोळ्याचं?" वहिनींनी विचारलं.

"आत नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरतायत. इंजेक्शन द्यावं लागेल. डोळ्यात." मास्तरांचा चेहरा पाहून त्या पुढे म्हणाल्या, "थेंबांनी डोळा बधिर करते. तुम्ही बटण शिवताना बोटाला टोचून घेता ना, त्यापेक्षा कमी दुखतं."

"मी बटणं शिवत नाही," मास्तर क्षीणपणे म्हणाले. मग त्यांनी पाकीट काढून डब्यात टाकलं आणि बायकोचा हात घट्ट धरला. "करा काय करायचं ते."

इंजेक्शनं झाली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पट्टीचा बाक बराच कमी झाला, पण मधला डाग गेला नाही. वहिनींनी स्पष्टच विचारलं, की आधी आलो असतो तर?

"खात्रीने सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पहिली पट्टी वाकली त्या आठवड्यात आला असतात, तर बहुतेक बरंच काही वाचलं असतं. ही गोष्ट थांबत नाही हो. तुम्ही चकतीतून बघत बसलात, तेवढ्या दिवसांत आत जखम वाळून डाग झाला. डावा डोळा चांगला आहे. तो सांभाळा. चौकडीच्या कापडाकडे रोज एकेक डोळा झाकून बघा, रेघ हलली की त्याच दिवशी या."

दवाखान्याबाहेर आल्यावर मास्तरांनी डावा डोळा झाकून बायकोकडे पाहिलं. "तुझे कान दिसतायत," ते म्हणाले. "केस दिसतायत. तोंड दिसत नाही."

वहिनींच्या तोंडून एरवी काहीतरी टोमणा निघाला असता. त्या भर रस्त्यात रडल्या.

नेत्रगुरूंचं काय झालं? फार काही नाही. त्यांनी दुसऱ्या गावात सभागृह घेतलं. इथले लोक शहाणे झाले असंही समजू नका. भिंगकाकांसकट बरेच जण पिंपात हात घालून आपापला चष्मा शोधायला गेले, आणि निदान दोघं-तिघं तरी दुसऱ्याचा चष्मा लावून "आता आणखी छान दिसतं" म्हणत फिरू लागले. बाकीचे शिंप्याच्या दुकानात येऊन विचारू लागले, "ती दैवी बटणं आहेत का?" काळ्या कोटाच्या बटणांना गल्लीत एवढी मागणी कधीच आली नव्हती.

अशीच एक आजी आली. नातवाचा आधार घेत पायरी चढली. "मास्तर, ते नजरेचं बटण द्या बाबा मला. या डोळ्याने हल्ली मधलं काही दिसत नाही. देवाची मर्जी."

वहिनी नाकावर नवा चष्मा सावरत काहीतरी झणझणीत बोलणार होत्या. मास्तरांनी त्यांना हाताने थांबवलं. कात्री खाली ठेवून ते आजींच्या समोर आले आणि त्यांनी तळहाताने आपला डावा डोळा झाकला.

"आजी, या डोळ्याने मला तुमची साडी दिसते, हातातली पिशवी दिसते. तुमचं तोंड दिसत नाही. आता कधीच दिसणार नाही. वडिलांना झालं होतं हे मला ठाऊक होतं. सिगारेट मी सोडत नव्हतो. रेघ वाकडी दिसत होती, आणि मी डॉक्टरऐवजी फुंकर मारणाऱ्याकडे गेलो. शाप-बिप काही नव्हता. उशीर होता, आणि तो मी माझ्या हाताने केला. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, पण तो दुसऱ्या कशाने होतो का तेही बघा. आणि डोळ्याला काही झालं तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आजच जा."

आजीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "लांब आहे का रे दवाखाना?"

"मी येतो बरोबर," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.